खांबचं तिकीट

शकू मोकलला चिडायला कारण लागत नाही, असं रोह्याच्या स्टँडवर सगळे म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. कारण असायचं, फक्त ते तिला नीट ऐकू आलेलं नसायचं.

पेणहून नागोठणं, खांब, कोलाड करत रोह्याला येणाऱ्या गाडीवर ती कंडक्टर होती. नोकरीला लागली तेव्हा तिची एकुलती एक पोर ऋतुजा पाळण्यात होती. आता पोर कॉलेजात जात होती आणि आई स्टँडवरच्या जुन्या खोडांत जमा झाली होती. रुंद बांधा, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटाचं मशीन आणि इंजिनावर मात करणारा आवाज. "आत सरका! दारात काय पूजा मांडलीय?" ती ओरडली की मागच्या बाकावर पेंगणारी माणसंसुद्धा उगाच सरकून बसायची. कुणी खिडकीबाहेर बघत तिकीट मागितलं तर त्याची धडगत नसे. "माझ्या तोंडाकडं बघून बोल. खिडकी टिकट देते काय तुला?"

लोकांना वाटे, बाई तोंडाळ आहे. होतीच ती तोंडाळ, त्यात काही वाद नाही. पण तोंडाकडे बघायला सांगे ते निराळ्या कारणासाठी. समोरच्याचे ओठ दिसले नाहीत तर तिला त्याचं निम्मं बोलणं कळत नसे.

आता इतकी वर्षं ही गोष्ट लपली कशी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर तिच्या माहेरात आहे. वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून तिचं गाव. पिढ्यानपिढ्या मिठागरावर राबलेली माणसं. मिठागरावर हळू बोलून भागत नाही. वारा शब्द उचलून नेतो, आणि या बांधावरून त्या बांधावर निरोप द्यायचा तर बेंबीच्या देठापासूनच आवाज काढावा लागतो. सगळं गावच मोठ्याने बोलणारं, आणि त्यात शकूच्या आईचं, धोंडुबाईचं घर म्हणजे कळस. दोघं सुखदुःखाचं बोलत बसली तरी रस्त्याने जाणाऱ्याला वाटे, हाणामारी लागली. गावाने त्या घराला 'कर्णेवाले' असं नाव ठेवलं होतं. ही माणसं नुसती मोठ्याने बोलत नाहीत, त्यांना ऐकायलाही कमी येतं, हे त्या गदारोळात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आणि ज्यांच्या आलं, त्यांच्याकडे कारण तयार होतं. शकूच्या आज्याचे, म्हणजे धोंडुबाईच्या बापाचे, कान खाडीच्या गार पाण्याने बसले. मामाचे कान कुणाच्या तरी वरातीतल्या फटाक्याने गेले. धोंडुबाईचे कान मिठागरावरच्या वाऱ्याने. तिघं बहिरे एका पंगतीला बसून जेवत, एकमेकांवर खेकसत, आणि या तिघांचं दुखणं एकच असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. ज्याचा त्याचा अपघात वेगळा.

शकूने आपलं कारण शोधलं ते इंजिन. तिशी उलटता उलटता तिच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. मग कुकरच्या शिट्ट्या चुकायला लागल्या. मग फोनची घंटी. मग लोकांनी तोंडाला मास्क लावले आणि ओठच दिसेनासे झाले, तेव्हा तर तिची पार दैना उडाली. पण तेव्हा सगळेच एकमेकांना "काय? काय?" करत होते, त्यात तिचं खपून गेलं. मास्क उतरले आणि तिला कळलं की तो बिचारा कापडाचा तुकडा उगाच शिव्या खात होता.

"गाडीच्या आवाजानं कान बसलेत जरा," ती नवऱ्याला म्हणाली. जितेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. तो म्हणाला, "मग मी बॉयलरजवळ उभा असतो, माझं कसं नाय बसले?" त्यावर तो दोन दिवस उपाशी राहिला नाही एवढंच, बाकी सगळं झालं.

इंजिनाचा तिला एवढा लळा का, ते जितेशला कळलं नव्हतं. तिला मात्र पक्कं माहीत होतं. इंजिनाने कान गेले तर ते तिचे गेले, तिच्यापाशीच संपले. इंजिन काही ऋतुजाच्या अंगात शिरत नाही. पण आजा, मामा, आई आणि आता आपण, अशी रांग तिने कधी मनात लावली की पुढची जागा कुणाची, ते दिसायचं. म्हणून ती रांग लावतच नसे. कुणी लावायला गेलं तर त्याच्या अंगावर जायची.

आणि तिने पोरीची परीक्षाही चालवली होती, तिला न सांगता. रोज सकाळी ऋतुजा कपाटाच्या आरशासमोर उभी राहून वेणी घालायची. शकू तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राही आणि अगदी हळू, नुसत्या श्वासात म्हणे, "ऋतू, डबा घेतलास?" आरशात पोरीचे ओठ हलत. "घेतला, आई." एकही दिवस चुकला नाही. पाठमोरी असून पोरीला एवढं बारीक ऐकू येतं, मग झालं तर! शकू पिशवी खांद्याला अडकवून खुशीत स्टँडवर जाई आणि पहिल्या फेरीला कुणावर फारशी खेकसत नसे.

हे असंच चाललं असतं. पण मध्ये सीताबाई आली.

सीताबाई सुकी मासळी विकणारी म्हातारी. नागोठण्याच्या फाट्याला उतरायची. वैशाखातले दिवस, लग्नसराई, गाडीत मुंगी शिरायला जागा नाही. शकू मधोमध अडकलेली, दाराकडे पाठ. सीताबाईने एक पाय खाली टाकला, पण तिची पाटी वर दोन माणसांच्या पायांत अडकली. ती मागे वळून ओरडली, "थांब गो! थांब गो!"

या मुलखात बाईमाणसाला 'गो' म्हणतात, वयाने मोठी बाई कंडक्टरलासुद्धा अरे-तुरेच करते, आणि पुढचा थांबा असतो खांब. शहाण्या गावात कुणी 'थांबा हो ताई' म्हणालं असतं तर पुढचं घडलं नसतं. शकूला गर्दीतून जे काही पोचलं, ते पोचलं 'खांब गो'. पुढच्या गावचं गिऱ्हाईक. तिने वळूनही न बघता विचारलं, "किती जण?" एका हाताने मशीनमधून खांबचं तिकीट काढलं आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. टिंग टिंग.

गाडीने हिसका दिला. सीताबाई रस्त्यावर, पाटी तिच्या अंगावर, आणि सुके बोंबील फाटाभर. म्हातारीचं मनगट मोडलं.

माणसं शकूला काय काय बोलली, ते तिला सगळं कळलं. त्या वेळी सगळ्यांचीच तोंडं तिच्याकडे होती.

आठवड्याने डेपोत चौकशी झाली. साहेबांच्या टेबलासमोर प्लास्टरमधला हात पुढे धरून सीताबाई बसली होती, शेजारी तिचा मुलगा प्रविण. पुंडलिक, गाडीचा ड्रायव्हर, भिंतीला टेकून उभा. शकू आतून फणफणत होती. म्हातारी उतरताना ओरडली का नाही, एवढाच तिचा मुद्दा होता.

"वरडले नाय?" सीताबाई म्हणाली. "साहेब, मी बोंबलते थांब गो, थांब गो, नि ही मला इचारते, किती जण! आन हातात टिकट काढून तयार. खांबचं!"

प्रविण हसला. साहेबांनी हसू दाबायला पाण्याचा पेला उचलला. सीताबाई स्वतःसुद्धा हसली, हात दुखत असताना. शकू एकटी हसली नाही. तिने म्हातारीचे ओठ बघितले होते. 'थांब' म्हणताना जीभ दाताला लागते, समोरून दिसते. पाठीमागून काय कप्पाळ दिसणार! त्या दिवशी आपण कुणाला तिकीट देत होतो, ते तिला त्या खोलीत कळलं, आणि मानेपासून कानापर्यंत ती तापली.

"कान तपासून या," साहेब म्हणाले. "तोवर गाडीवर नको." तिला पार्सलच्या खोलीत बसवलं.

बाहेर पुंडलिक तिच्याबरोबर चहाच्या टपरीपर्यंत आला. हा माणूस बोलायचा कमी. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "चूक माझी पण हाय. तुझी डबल बेल झाली तरी मी एकदा आरशात बघतो. त्या दिशी नाय बघितलं."

"का बघतोस? माझ्या बेलवर भरवसा नाय?"

"नाय," पुंडलिक म्हणाला. "कधीपास्न नाय."

असं सरळ सांगणाऱ्या माणसावर धड चिडताही येत नाही. शकूने चहा टाकून दिला आणि निघाली. दिवसभर तिला वाटत राहिलं की साऱ्या गाडीला माहीत होतं आणि आपणच मूर्खासारखं लपवत होतो.

पेणला कानाच्या डॉक्टरांकडे ती गेली तेव्हा धोंडुबाई गावाहून परस्पर तिथे आली. शकूने नको नको म्हटलं होतं, पण ते फोनवर; आणि दोघीही फोनवर आपापलंच बोलत. डॉक्टरांनी शकूला एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. ती बसून राहिली. बराच वेळ आवाज आलाच नाही. तिला वाटलं, मशीन बिघडलंय. बाहेर येऊन तिने तसं सांगितलंही.

डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. रेघ उतरत उतरत पार तळाला. "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"कुणाला नाय," शकू ठासून म्हणाली. "माझं इंजिननं झालंय. तसं लिवून द्या."

"गोंगाटाने कान गेले तर आलेखात बहुधा एक ठरावीक खड्डा पडतो. तुमचा तसा नाही. आई, वडील, मामा, कुणीच नाही?"

"सांगतेय ना, कुणी नाय!"

तेवढ्यात बाहेरून, बंद दारातून, धोंडुबाईचा आवाज आला. कंपाउंडरने तिला नुसतं नाव विचारलं होतं आणि ती त्याला सांगत होती, "गाव? गाव वडखळच्या पल्याड! जेवण? व्हय, झालं जेवण!"

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं, मग शकूकडे. "त्या कोण?"

शकूने कपाळावर हात मारला. "आई," ती म्हणाली.

डॉक्टर भले होते. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात अशा घराण्यांचा शोध चाललाय, रक्त तपासतात, पैसे पडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. शकूला जायचं नव्हतं. पण रक्तात काही सापडलं नाही तर इंजिनाचा दावा पक्का होईल, मग कुणी शंका काढणार नाही, असा तिने हिशेब मांडला आणि ती गेली. धोंडुबाईचं रक्त दिलं, मामाचं दिलं, स्वतःचं दिलं. सोबत आलेल्या ऋतुजाचं घ्यायचं का, असं विचारल्यावर तिने पोरीचा दंड असा आपल्याकडे ओढला की नर्सने सुई परत ठेवली.

त्यानंतर वाट बघणं आलं. पावसाळा पार्सलच्या खोलीत गेला. खिडकीतून तिची गाडी येताना-जाताना दिसे. तिच्या जागी अनिता नावाची नवी पोरगी आली होती, बारीक आवाजाची, सगळ्यांना 'काका, मावशी' करणारी. शकू खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि चडफडायची. माणसं यायची, खाली मान घालून काहीतरी पुटपुटायची. "तोंड वर!" ती ओरडायची. खोकी तरी बरी, ती बोलत नव्हती.

दिवाळीनंतर इस्पितळातून बोलावणं आलं. ऋतुजाला तिने बरोबर घेतलं, कारण डॉक्टरी बोलणं नीट ऐकून ते आपल्याला सांगायला कुणीतरी हवं. समजावून सांगायला मृणाली नावाची बाई होती, तरुण, सौम्य, चष्मेवाली. ऋतुजा तिच्यासमोर पुढे सरकून बसली आणि तिच्या तोंडावरची नजर एकदाही न काढता ऐकत राहिली. शकूला बरं वाटलं. पोर किती मन लावून ऐकतेय.

"सापडलंय," मृणाली म्हणाली. "तुमच्यात, आईंच्यात आणि मामांच्यात, तिघांच्यात तेच. मिर-शहाण्णव."

"मिरची?"

"मिर. मायक्रो-आरएनए. त्याचा नंबर शहाण्णव."

"आम्ही मिठागरवाले," शकू म्हणाली. "आमच्यात हा शहाण्णव कुळी कुठून घुसला?"

मृणाली हसली आणि मग सावकाश, ओठ स्पष्ट हलवत सांगायला लागली. आपल्या प्रत्येक पेशीत हुकूम सुटत असतात, हे बनवा, ते बनवा. हा मिर-शहाण्णव जेमतेम वीस-बावीस अक्षरांचा, इवलासा. तो स्वतः काहीच बनवत नाही. त्याचं काम एकच, ठरावीक हुकमांना गाठायचं आणि गप्प बसवायचं.

"म्हणजे स्टँडवरचा कंट्रोलर," शकू म्हणाली. "स्वतः गाडी चालवत नाय. कुठली सोडायची, कुठली आडवायची, एवढंच."

"बरंचसं तसंच. आणि हा कंट्रोलर कानाच्या आत फार महत्त्वाचा. तिथे बारीक केसाळ पेशी असतात, त्या आवाज पकडतात. त्या घडताना आणि पुढे टिकताना कुठला हुकूम केव्हा गप्प करायचा, हे हा बघतो. तुमच्या घरात त्याचं एक अक्षर बदललंय. आणि नेमकं सुरुवातीचं, ज्यावरून तो आपला हुकूम ओळखतो. मग ज्याला गप्प करायचं त्याला तो ओळखत नाही, आणि भलत्यालाच धरतो. त्या पेशी हळूहळू मरतात. एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत."

"एक अक्षर," शकू म्हणाली.

"एकच."

"एका अक्षरानं म्हातारी पडते. मला म्हायती हाय." मग तिचा पारा चढला. "म्हणजे ज्यानं दुसऱ्याला गप करायचं तोच बिघडला, आन गप झाला माझा कान? हा कुठला न्याय?"

हाच मिर-शहाण्णव काही कर्करोगांमध्ये प्रमाणाबाहेर वाढलेला दिसतो, असं मृणालीच्या तोंडून सहज निघून गेलं, आणि शकू खुर्चीतून उठली. "म्हणजे आता कॅन्सर पण?" नाही, नाही, ते निराळं, तिथे तो वाढतो, इथे त्याचं अक्षर बदललंय, तुम्हाला त्यामुळे तसला धोका आहे असं मुळीच नाही, हे समजावण्यात बराच वेळ गेला. ती बसली, पण रुसल्यासारखी.

"औषध काय?"

"आज नाही. कानाला मशीन लावायचं. पुढे फारच कमी झालं तर ऑपरेशन करून आत बसवायचं एक यंत्र असतं. ते बदललेलं अक्षरच दुरुस्त करण्याचे प्रयोग चाललेत. उंदरांमध्ये जमलंय."

"उंदरांत."

"हो. त्या उंदरांचं ऐकणं टिकलं."

"वा!" शकू म्हणाली. "उंदीर ऐकतोय, आन मी पार्सलच्या खोलीत बसलेय."

ऋतुजा हसली नाही. मृणालीने चष्मा वर सरकवला आणि जे शकू इतकी वर्षं ऐकायचं टाळत होती ते सांगितलं. हे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी. लहानपणी ऐकू येतं, बोलणं व्यवस्थित शिकतात, मग हळूहळू उतरत जातं. ऋतुजाची इच्छा असेल तर तिचं रक्त आजच घेता येईल. लवकर कळलं तर मशीन लवकर लावता येतं, अभ्यासाला, नोकरीला बरं पडतं.

"तिला काय नाय," शकू म्हणाली. "पाठीमागून श्वासात बोलले तरी आयकते. मी रोज बघते."

"तिला ठरवू द्या," मृणाली म्हणाली.

"मी तिची आई हाय. मला म्हायती हाय!" तो आवाज खाडीपलीकडे गेला असता. बाहेरच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. ऋतुजाने आईच्या हातावर हात ठेवला आणि मृणालीला म्हणाली, "नंतर सांगते." एवढंच.

त्याच दिवशी शकूच्या दोन्ही कानांत मशीनं बसली. रस्त्यावर येताच ती भांबावून गेली. पिशवीचं प्लास्टिक किती कर्कश वाजतं! स्वतःच्या चपला! कुणीतरी नाक ओढलं तेसुद्धा. जे ऐकायचं नव्हतं तेच सगळं आधी कानात येऊन बसलं. सगळ्या वाटेभर ती चिडत होती, मशीनवर, मुंबईवर, शहाण्णव नंबरवर. इंजिन तिच्या हातातून गेलं होतं. पंधरा-सोळा वर्षं त्या बिचाऱ्या इंजिनावर तिने आळ घेतला होता, आणि आता धरायला दुसरं कुणीच उरलं नव्हतं. आईला धरावं तर आईला तिच्या बापाने दिलेलं. आज्याला धरावं तर तो कधीच गेला, खाडीच्या पाण्याला शिव्या देत.

पेणला त्यांनी गाडी बदलली. गाडी तिचीच होती. पुढे पुंडलिक, दोरीशी अनिता. शकूला उतारूसारखं बाकावर बसवत नव्हतं, पण बसली. ऋतुजा खिडकीशी, मोबाइलमध्ये डोकं घालून. वडखळ गेलं. शकू मनात म्हणत होती, निम्मी शक्यता म्हणजे निम्मी नाहीच ना. आणि आपण रोज बघतोय. रोज सकाळी पोर उत्तर देतेय. उद्या साहेबांना सांगू, मशीन बसवलं, गाडीवर घ्या. घेतील, न घेतील. पोरीचं ठीक आहे, मग आपलं काहीही होवो, बघून घेऊ.

नागोठण्याच्या फाट्याला गाडी थांबली. एक बाई उतरत होती, काखेत पोर, हातात दोन पिशव्या. एक पिशवी दाराच्या दांडीत अडकली. ती ओरडली, "थांब गो! थांब!"

शकूला ते लख्ख ऐकू आलं. थांब. दातावरच्या जिभेसकट. तिचा हात आपोआप वर गेला, जिथे दोरी असायची तिथे, आणि ती बाकावरून अर्धी उठून ओरडली, "थांब गो अनिता! डबल देऊ नको!" अनिताने दोरीला हातही लावला नव्हता. तिने स्वतः जाऊन पिशवी सोडवली, बाई उतरली, पोर हसलं, काहीसुद्धा झालं नाही. शकू धापा टाकत खाली बसली. तिला हसू आलं, खूप दिवसांनी. ऐकलं! आपण बरोब्बर ऐकलं!

शेजारी ऋतुजाने मोबाइलमधून डोकं वर काढलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

"एवढ्यात खांब आलं?" ती म्हणाली.

शकूचं हसू तोंडावरच राहिलं. "कोण म्हणालं, खांब?"

ऋतुजा आईकडे बघत होती, आईच्या ओठांकडे. "ती बाई ओरडली ना आता?"

"थांब म्हणाली ती," शकू म्हणाली. "थांब."

टिंग टिंग. गाडी सुटली. ऋतुजाने मोबाइल हळूच पिशवीत टाकला. शकूला वाटलं, काहीतरी बोलावं, गाडीचा आवाज होता म्हणावं, मोबाइलमध्ये लक्ष होतं म्हणावं. सगळी कारणं तिला तोंडपाठ होती. गार पाणी, फटाका, वारा, इंजिन. त्यांतलं एकही तोंडातून बाहेर पडेना.

"आई," ऋतुजा म्हणाली, "रोज सकाळी तू मागून विचारतेस ना, डबा घेतलास का? मी उत्तर देते, ते तुला कसं कळतं?"

"आरशात तुझं तोंड दिसतं ना."

"मग?" ऋतुजा म्हणाली. "मला पण तुझं दिसतं."

शकूने डोळे मिटून घेतले. तिला संताप आला, त्या कपाटाचा, त्या आरशाचा, स्वतःच्या अकलेचा, रोज सकाळी खुशीत उचललेल्या त्या पिशवीचा. आणि संतापाच्या खाली, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं, ते नुसतं दुःख होतं. तिने ते येऊ दिलं.

"कधीपास्न?" तिने विचारलं.

ऋतुजा खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली. कानातल्या मशीनने इंजिनाचा खडखडाट तेवढा मोठा करून दिला, पोरीचा शब्द काही दिला नाही. शकूने हात पुढे केला, पोरीची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा खिडकीकडून आपल्याकडे वळवला. इतकी वर्षं साऱ्या गाडीवर ओरडून जे सांगितलं, तेच ती म्हणाली, फक्त या वेळी तिचा आवाज चढला नाही.

"माझ्या तोंडाकडं बघून बोल."